‘टिल फ्रायडे’ की ‘बाय फ्रायडे’: एका मेलमधली आठ वाक्ये

चाकणजवळचा एक छोटा कारखाना. गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट बनतात. गुणवत्ता विभागात सव्वीस वर्षांचा एक डिप्लोमाधारक काम करतो. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली, त्यामुळे शाळेत दहा वर्षे इंग्रजी झालेले. मायक्रोमीटर, गेज, तपासणी अहवाल यांत तो पक्का आहे. आता इंग्लंडमधल्या ग्राहकाला थेट मेल लिहायचे काम त्याच्याकडे आले आहे. प्रकरण नमुन्याचे आहे, माणूस आणि मेल आम्ही रचलेला आहे. पण त्यातले प्रत्येक वाक्य मराठी माणसाच्या हातून रोज कुठे ना कुठे लिहिले जाते. मेल असा:

‘आय हॅव सेंट द इन्स्पेक्शन रिपोर्ट यस्टरडे. आय ॲम वर्किंग ऑन धिस पार्ट सिन्स थ्री वीक्स. आय ॲम हॅविंग टू डाउट्स इन युवर ड्रॉइंग. वी डिस्कस्ड अबाउट द प्लेटिंग विथ अवर व्हेंडर. व्हेन द प्लेटिंग रिपोर्ट विल कम, आय विल इन्फॉर्म यू. वी विल सेंड सॅम्पल्स टिल फ्रायडे. यू शुड कन्फर्म द क्वांटिटी. ऑल्सो टेल मी व्हेन विल यू रिलीज पीओ.’

(‘प्लेटिंग’ म्हणजे ब्रॅकेटवर चढवायचा धातूचा थर, ‘पीओ’ म्हणजे पर्चेस ऑर्डर, खरेदीची लेखी मागणी.) आठ वाक्ये आणि आठांतही काहीतरी बिनसले आहे. असा मेल दुरुस्त करणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या वाक्यापासून लाल पेन चालवत खाली येतो आणि शिकणाऱ्याच्या हाती रक्ताळलेला कागद देतो. त्यातून फारसे काही शिकता येत नाही. इथे चुका दोन जातींच्या आहेत. काही वाक्ये व्याकरणात चुकली आहेत, पण अर्थ पोचतो. काही वाक्ये व्याकरणात अगदी बरोबर आहेत आणि अर्थ मात्र भलताच पोचतो. दुसऱ्या जातीला आधी हात घालायला हवा. संगणकातला व्याकरण तपासनीस तिथे बहुतेक वेळा काहीही खूण करत नाही आणि पैशाचे नुकसान तिथेच होते.

या मेलमधल्या बहुतेक चुका मराठी नीट येणाऱ्या माणसाच्या आहेत. जिथे मराठीचा एक शब्द दोन अर्थ सांभाळतो आणि इंग्रजी त्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द देते, तिथे पाय घसरतो. पर्यंत, पासून, शंका, आहे आणि ‘-आवे’ हा प्रत्यय, अशी ही पाच ठिकाणे. मेलच्या क्रमाने न जाता नुकसानीच्या क्रमाने त्यांच्याकडे पाहू.

शुक्रवारपर्यंत

‘आम्ही शुक्रवारपर्यंत नमुने पाठवू.’ मराठीत यात कुठेही गोंधळ नाही. ‘मी शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे’ यातही नाही. पण दोन्हीकडचा ‘पर्यंत’ वेगळा आहे. पुण्यात असणे शुक्रवार येईस्तोवर सतत चालू राहते. नमुने पाठवणे मात्र एकदाच घडते, शुक्रवारी किंवा त्याआधी केव्हाही. इंग्रजी पहिल्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ वापरते, दुसऱ्यासाठी ‘बाय’.

म्हणून ‘वी विल सेंड सॅम्पल्स टिल फ्रायडे’ वाचणाऱ्या इंग्रजाला दिसते ते असे: शुक्रवारपर्यंत रोज नमुने येत राहणार आणि मग थांबणार. तो हुशार असेल तर अंदाजाने समजून घेईल. पण हेच वाक्य उलट बाजूने आले तर? ग्राहक लिहितो, ‘वी कॅन ॲक्सेप्ट चेंजेस अन्टिल फ्रायडे’. म्हणजे शुक्रवारपर्यंत दार उघडे आहे. ‘वी नीड युवर चेंजेस बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत. दोन्हींचे मराठी ‘शुक्रवारपर्यंत’ असेच होते आणि वाचणारा दोन्हीकडे एकच अर्थ घेऊन बसतो.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘पर्यंत सतत’ घालून पाहावे. ‘शुक्रवारपर्यंत सतत पुण्यात आहे’ चालते, म्हणून ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत सतत नमुने पाठवू’ हे आपल्याला म्हणायचेच नाही, म्हणून ‘बाय’. नकारात मात्र सावध राहावे: ‘रिपोर्ट शुक्रवारपर्यंत मिळणार नाही’ म्हणजे न मिळण्याची अवस्था शुक्रवारपर्यंत सतत चालू आहे. इथे ‘द रिपोर्ट विल नॉट बी रेडी अन्टिल फ्रायडे’ असे येते आणि त्याचा अर्थ शुक्रवारी मिळेल असा होतो. ‘नॉट बाय फ्रायडे’ लिहिले, तर शुक्रवारीसुद्धा भरवसा नाही.

शंका आणि डाउट

वर्गात ‘सर, एक डाउट आहे’ असे म्हणतच आपण मोठे होतो. मराठीतली शंका दोन कामे करते. शंका विचारतात, तेव्हा ती प्रश्न असते. शंका येते, तेव्हा ती संशय असते. इंग्रजीतला ‘डाउट’ फक्त दुसरे काम करतो. भारताबाहेरच्या वाचकाला ‘डाउट्स इन युवर ड्रॉइंग’ म्हणजे ‘तुमचे ड्रॉइंग बरोबर असेल असे मला वाटत नाही’ असे वाटते. ज्याला फक्त भोकाचा टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) आणि जस्ताच्या थराची जाडी 8 मायक्रॉन आहे की 12, एवढेच विचारायचे होते, त्याने नकळत ग्राहकाच्या डिझाइन विभागावर बोट ठेवले.

‘आय हॅव टू क्वेश्चन्स अबाउट द ड्रॉइंग’ एवढेच हवे. ‘हॅविंग’ही इथे गेले. काही जवळ असणे, मालकीचे असणे, मनात असणे यासाठी ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही. ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ किंवा ‘हॅविंग लंच’ चालते, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे करणे, जेवणे.

‘डाउट’ भारतात सर्रास चालतो आणि नागपूरच्या माणसाने कोल्हापूरच्या माणसाला लिहिताना तो बदलण्याची काही गरज नाही. भारतीय इंग्रजी ही तिच्या घरात बरोबरच आहे. ‘प्रीपोन’सारखा सुटसुटीत शब्द तिने दिला आहे. वाचणारा कोण, एवढेच पाहावे. तो इंग्लंडचा असेल तर ‘प्रीपोन द मीटिंग’ऐवजी ‘ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड’ आणि ‘आय पास्ड आउट इन 2019’ऐवजी ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘फिनिश्ड माय डिप्लोमा’ लिहावे. ‘पास आउट’ म्हणजे त्याच्या लेखी बहुतेक वेळा शुद्ध हरपणे.

कळवावे आणि कळवाल का

सगळ्यात दुखावणारे वाक्य सातवे आहे आणि ते लिहिणारा सर्वांत नम्र होता. त्याच्या मनात होते, ‘आपण संख्या कळवावी’. सरकारी पत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘-आवे’ हा आपला आदराचा प्रत्यय आहे: यावे, स्वीकारावे, कळवावे. शाळेच्या भाषांतरात ‘-आवे’ म्हणजे ‘शुड’ असे पाठ करून घेतले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. ग्राहकाला सांगताना ‘यू शुड कन्फर्म’चे मराठी होते ‘तुम्ही कळवायला हवे’. त्यात कर्तव्याची आठवण करून देणे आहे आणि थोडी तक्रारही. वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणावे, तसे ते कानावर पडते.

विनंतीसाठी मराठीत दुसरा घाट आहे आणि तो इंग्रजीशी बराच जुळतो: ‘संख्या कळवाल का?’ भविष्यकाळ आणि प्रश्न. हाच ‘कुड यू प्लीज कन्फर्म द क्वांटिटी?’ आहे. इंग्रजी लिहायला बसण्यापूर्वी मनातल्या मनात ‘कळवावे’चे ‘कळवाल का’ केले की उरलेले आपोआप सुधारते. ‘प्लीज कन्फर्म’ही चालते, रोजच्या कामकाजात त्यात उद्धटपणा नाही. नुसता ‘प्लीज’ लावून लांबलचक आज्ञा दिली, तर मात्र ती आज्ञाच राहते.

गुणवत्ता विभागातल्या माणसासाठी ‘शुड’ची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आयएसओच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस, असा काटेकोर भेद असतो. आपण ‘थर 8 मायक्रॉन असावा’ या अर्थी ‘थिकनेस शुड बी 8 मायक्रॉन’ लिहितो, तेव्हा व्हेंडर त्याला सल्ला समजू शकतो. अट असेल तर ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ लिहावे.

काल पाठवला आहे

आता व्याकरणाच्या चुका. ‘मी काल रिपोर्ट पाठवला आहे’ हे निर्दोष मराठी आहे. आपला ‘-ला आहे’ कालची, परवाची, गेल्या वर्षीची वेळ खुशाल सोबत घेतो. इंग्रजीचा ‘हॅव सेंट’ घेत नाही. त्याच्या दृष्टीने ‘हॅव’ म्हणजे गोष्ट आजच्या खात्यात आहे आणि ‘यस्टरडे’ म्हणजे ते खाते बंद झाले. दोन्ही एका वाक्यात बसत नाहीत.

वाक्यात ‘कधी?’ या प्रश्नाचे संपलेले उत्तर आहे का, ते पाहावे. काल, सोमवारी, 2019 मध्ये, दोन तासांपूर्वी असे असेल तर साधा भूतकाळ: ‘आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे’. वेळ सांगितलीच नसेल किंवा ती अजून चालू असेल (आज, या आठवड्यात, आत्तापर्यंत), तर ‘हॅव’: ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट’, ‘वी हॅव मेड 200 पीसेस धिस वीक’. ‘धिस मॉर्निंग’ गमतीचा आहे: सकाळी अकराला लिहिताना ‘हॅव’ चालतो, दुपारी चारला साधा भूतकाळ.

‘सिन्स थ्री वीक्स’ ही ‘पासून’ची करामत. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन आठवड्यांपासून’ दोन्हीकडे आपला एकच प्रत्यय. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स 2021, सिन्स द लास्ट ऑडिट. मोजता येणारी लांबी असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री वीक्स, फॉर टू आवर्स. कॅलेंडरवर त्यावर बोट ठेवता येते का? येत असेल तर ‘सिन्स’. आणि क्रियापदही बदलते. मराठीत ‘काम करतोय’ हा चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत काम मागून आत्तापर्यंत चालत आले आहे हे क्रियापदातच दिसावे लागते: ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस पार्ट फॉर थ्री वीक्स’. नुसता ‘सिन्स’चा ‘फॉर’ करून ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर थ्री वीक्स’ लिहिले, तर अर्थ आणखी बिघडतो. त्यातून मुक्काम एकूण तीनच आठवड्यांचा आहे असे कळते.

चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या पुष्कळ आहेत आणि तिथल्या कुणाशी पत्रव्यवहार असेल, तर दिलासा देणारी एक गोष्ट आहे. जर्मन भाषेतही ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ यांना असाच एकेक शब्द आहे, आणि ‘काल पाठवला आहे’ ही रचनाही तिथे शुद्ध आहे. जर्मन माणूस इंग्रजी लिहिताना अगदी याच तीन ठिकाणी अडखळतो. दोन्ही बाजूंचे लोक ‘टिल फ्रायडे’ म्हणत असतील, तर वार आणि तारीख दोन्ही लिहिणे हाच उपाय.

चर्चा करणे, संपर्क साधणे

‘डिस्कस्ड अबाउट’ ही चूक एकटी येत नाही, तिचे अख्खे कुटुंब आहे. मराठीत ही कामे नाम आणि क्रियापद जोडून होतात: चर्चा करणे, उल्लेख करणे, भर देणे, संपर्क साधणे, प्रवेश करणे. नाम असल्यामुळे त्याला विषयी, वर, शी, मध्ये असे काहीतरी चिकटतेच. इंग्रजीत हेच काम एकच क्रियापद करते आणि ते कर्माला थेट पकडते. डिस्कस द प्लेटिंग. मेन्शन द प्राइस. एम्फसाइझ द डेट. काँटॅक्ट द व्हेंडर. एंटर द प्लांट. मधे काहीही नको.

पण यातल्या बहुतेकांचे नाम केले की ‘विषयी’ परत येतो: अ डिस्कशन अबाउट द प्लेटिंग, एम्फसिस ऑन द डेट, काँटॅक्ट विथ द व्हेंडर. ‘रिक्वेस्ट’ आणि ‘ऑर्डर’ दोन्ही वेशांत सारखेच दिसतात, म्हणून तिथे जास्त चुका होतात. ‘वी ऑर्डर्ड 500 पीसेस’, पण ‘अवर ऑर्डर फॉर 500 पीसेस’. ‘वी रिक्वेस्टेड अ सॅम्पल’, पण ‘अवर रिक्वेस्ट फॉर अ सॅम्पल’. ‘अबाउट नको’ एवढेच सांगून सोडले की शिकणारा पुढच्या आठवड्यात ‘वी हॅड अ डिस्कशन द प्लेटिंग’ लिहितो. अर्धा नियम शिकवण्याचा हा परिणाम असतो.

रिपोर्ट आला की

पाचवे वाक्य ‘जेव्हा रिपोर्ट येईल तेव्हा कळवीन’ याचे भाषांतर आहे. येईल आणि कळवीन, दोन भविष्यकाळ, म्हणून दोन ‘विल’. इंग्रजी ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘ॲज सून ॲज’ यांच्या मागोमाग ‘विल’ घालत नाही: ‘व्हेन द रिपोर्ट कम्स, आय विल इन्फॉर्म यू’.

हा नियम पाठ करायची गरज नाही, कारण बोलताना आपण तो पाळतोच. कामाच्या ठिकाणी ‘जेव्हा येईल तेव्हा’ कोण म्हणते? ‘रिपोर्ट आला की कळवतो’ असेच म्हणतात. भविष्यातली गोष्ट आणि क्रियापद मात्र भविष्यकाळात नाही. वाक्य ‘आला की’, ‘झालं की’, ‘आला तर’ असे बोलता आले, तर त्या भागात ‘विल’ नको. पुस्तकी मराठीतून भाषांतर केले की चूक होते, बोलीतून केले की टळते.

आठव्या वाक्यात उलटे घडले आहे. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलत नाही, म्हणून सुरुवातीला सगळे ‘व्हेन यू विल रिलीज?’ लिहितात. मग कोणीतरी ‘विल आधी घे’ असे शिकवते आणि ते इतके पक्के बसते की आत गुंडाळलेल्या प्रश्नातही ‘विल’ पुढे येतो. ‘टेल मी’, ‘आय वाँट टू नो’, ‘कुड यू लेट मी नो’ यांच्या पोटात प्रश्न असेल, तर क्रम सरळ: ‘व्हेन यू विल रिलीज द पीओ’. प्रश्न बाहेरच्या ‘कुड यू’ने विचारून झालेला असतो. इथला ‘व्हेन’ म्हणजे ‘कधी’, ‘आला की’वाला नव्हे, म्हणून ‘विल’ राहतो.

अ, ॲन, द

‘पीओ’च्या आधी ‘द’ राहिला आणि मेलमध्ये असे आणखी एक-दोन आढळतील. हा भाग सर्वांत शेवटी, कारण यात अर्थ क्वचित बिघडतो आणि सुधारायला वर्षे लागतात. तरी ‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न देवनागरीवाल्याने पाच मिनिटांत कायमचा मिटवावा. शब्द देवनागरीत लिहायचा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर (तास), ऑनेस्ट, एनओसी, आरएफक्यू, एमबीए: ॲन. युनिव्हर्सिटी, यूएसबी, वन-टाइम, पीओ: अ. रोमन लिपी बघून गोंधळणाऱ्याला हे मिळत नाही. फसवणारा एक शब्द लक्षात ठेवावा: वर्ष या अर्थाचा ‘इयर’. आपण तो ‘इ’ने लिहितो, पण इंग्रज तो ‘यि’ने सुरू करतो, म्हणून ‘अ इयर’.

‘द’साठी मराठीतला ‘तो, ती, ते’ मदतीला घ्यावा. ‘एका नमुन्यात तडा सापडला. तो तडा 2 मिमी लांब आहे.’ पहिल्यांदा ‘अ क्रॅक’, दुसऱ्यांदा ‘द क्रॅक’. जे एकच असते तिथे ही कसोटी अपुरी पडते: दोघांनाही माहीत असलेला पीओ, खरेदी विभाग, सूर्य. तिथे ‘द’ लागतोच. शहरे आणि बहुतेक देश यांना लागत नाही.

पाठवण्याआधीची सात मिनिटे

मेल लिहून झाला की कंट्रोल आणि एफ दाबून सात शब्द एकेक करून शोधावेत. हॅव: वाक्यात काल-परवा आहे का? हॅविंग: जवळ असणे की करणे? सिन्स: बोट ठेवता येते का? अबाउट: मागे डिस्कस किंवा मेन्शन आहे का? विल: आधी ‘आला की’, ‘आला तर’ अशा अर्थाचा ‘व्हेन’ किंवा ‘इफ’ आहे का? टिल: सतत की एकदाच? शुड: अट, शिफारस की विनंती? सुरुवातीला सात मिनिटे लागतील, महिन्याभरात दोन. सापडलेली प्रत्येक चूक वहीत दोन रकान्यांत लिहावी: डावीकडे मनात आलेले मराठी वाक्य, उजवीकडे दुरुस्त इंग्रजी. चुकीचे इंग्रजी वहीत लिहू नये, डोळ्याला त्याची सवय लागते.

दुरुस्त मेल असा होतो:

‘आय सेंट द इन्स्पेक्शन रिपोर्ट यस्टरडे. आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस पार्ट फॉर थ्री वीक्स अँड हॅव टू क्वेश्चन्स अबाउट द ड्रॉइंग. वी हॅव डिस्कस्ड द प्लेटिंग विथ अवर व्हेंडर. व्हेन द प्लेटिंग रिपोर्ट कम्स, आय विल इन्फॉर्म यू. वी विल सेंड द सॅम्पल्स बाय फ्रायडे. कुड यू प्लीज कन्फर्म द क्वांटिटी, अँड लेट मी नो व्हेन यू विल रिलीज द पीओ?’

यात एक धागा अजून सैल आहे. ‘सेंड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी माल चाकणहून निघेल. ग्राहकाला मात्र शुक्रवारी नमुने हातात हवे असू शकतात. त्यासाठी ‘द सॅम्पल्स विल रीच यू बाय फ्रायडे’ लिहावे लागेल आणि मग कुरिअरचे दिवस आधीच वजा करून ठेवावे लागतील. शुक्रवारपुढे तारीख महिन्याच्या नावासकट लिहावी, कारण 05/06 म्हणजे इंग्लंडमध्ये पाच जून आणि अमेरिकेत सहा मे.